गाडीच्या काचांची उष्णतारोधक फिल्म घरी लावताना: तीन महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

फोंड्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी रोज गाडीने जातो आणि तिथे गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. दुकानात फिल्म लावून घेण्याचा खर्च मला जास्त वाटला, म्हणून माझ्या गाडीच्या मापाने आधीच कापलेला सिरॅमिक फिल्मचा (म्हणजे धातूऐवजी सिरॅमिकचे सूक्ष्म कण असलेल्या फिल्मचा) संच मी ऑनलाइन मागवला आणि चवथीच्या सुट्टीत तो घरीच लावला. फिल्म स्वतः उत्तम आहे. पण तिच्यासोबत आलेल्या माहितीबद्दल माझी गंभीर तक्रार आहे.

खोक्यावर ‘७० टक्के, कायदेशीर’ असे छापलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली होती. पुढे नियमात बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून प्लॅस्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचांना जागा मिळाली आणि त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरलेल्या मर्यादेतील फिल्मला मान्यता दिली. मात्र ही मर्यादा काच आणि फिल्म यांना मिळून लागू होते, एकट्या फिल्मला नव्हे, आणि विक्रेत्याने नेमके हेच कुठेही लिहिलेले नाही. ओळखीच्या एका काचवाल्याने मीटर लावून पाहिले तेव्हा माझ्या गाडीच्या मूळ काचेतूनच ७६ टक्के प्रकाश येत होता. त्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली की हिशेब ५३ टक्क्यांवर येतो. बाजूच्या काचांना ते जेमतेम चालते, पण मागच्या काचेला मुळीच चालत नाही. असे असताना संचात मागच्या काचेचा तुकडाही त्याच फिल्मचा दिलेला आहे. तो मी लावला नाही. विक्रेत्याला दोनदा कळवूनही उत्तर आलेले नाही. ज्यांनी ५० टक्क्यांची फिल्म ‘बाजूला चालते’ म्हणून घेतली असेल, त्यांची काच ३८ टक्क्यांवर जाईल, याचा त्यांनी जरूर विचार करावा.

लावण्याचे काम अवघड नाही, पण चिकाटीचे आहे. आमच्याकडे लाल मातीची धूळ सगळीकडे असते आणि तिचा एक कण जरी फिल्मखाली राहिला, तरी त्याच्याभोवती टाचणीच्या डोक्याएवढा फुगा उभा राहतो व तो कायम दिसत राहतो. पावसाळ्यात हे काम करू नये असे सांगतात. मला मात्र ओल्या हवेत धूळ खाली बसल्याचा फायदाच झाला. पोर्चमध्ये आधी फरशीवर पाणी मारले, काच ब्लेडने खरवडून तीनदा धुतली आणि गाळलेल्या पाण्यात लहान मुलांच्या शॅम्पूचे काही थेंब टाकून ते काचेवर व फिल्मच्या चिकट बाजूवर भरपूर फवारले. हे पाणी हात आखडता घेऊन मारू नये, कारण ते आहे तोवरच फिल्म सरकवून जागेवर आणता येते. काच दोन बोटे खाली घेऊन आधी वरची कड जुळवायची, पट्टीने मधून कडेकडे पाणी ओढायचे, मग काच पूर्ण वर करून फिल्मच्या चिकट बाजूवरचा उरलेला कागद सोडवायचा आणि खालची कड रबराच्या आत सारायची. माझी पहिली काच नेमकी इथेच फसली: चिकट बाजू रबराला लागली, फिल्मला घडी पडली आणि ती घडी अजून तशीच आहे. बाकीच्या तीन काचा नीट बसल्या, कारण त्या वेळी मुलीने खालचे रबर प्लॅस्टिकच्या कार्डाने बाहेर ओढून धरले होते. संचातील पट्टी फार कडक असून तिने ओरखडे पडतात. तिच्यावर मऊ सुती कापड गुंडाळावे लागले.

दमट हवेमुळे वाळायला वेळ लागला. आठवडाभर काचा खाली घेतल्या नाहीत, आणि दुधट डाग पूर्ण जायला जवळजवळ तीन आठवडे गेले. ते डाग पाहून घाबरून फिल्म उपटू नये.

आता गुणाविषयी. उन्हातील जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळे फिकट दिसणारी सिरॅमिक फिल्मही चटका अडवू शकते. ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीकडच्या हाताला पूर्वी बसणारा चटका आता बसत नाही आणि एसी एका आकड्याने कमी ठेवता येतो. उभी गाडी मात्र तापतेच, कारण पुढची-मागची काच उघडीच आहे. तिथे फिल्मकडून अपेक्षा ठेवू नये. रात्री पावसात बोरी पुलाच्या बाजूने येताना आरसे पूर्वीसारखेच स्पष्ट दिसतात, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. धातूचा थर नसल्याने फास्टॅग किंवा मोबाइलच्या सिग्नललाही अडथळा झालेला नाही.

फिल्मला मी पाचपैकी चार गुण देईन, अवजारांना दोन. खोक्यावरच्या ‘कायदेशीर’ या शब्दाला मात्र एकही गुण देता येत नाही, आणि विक्रेत्याने मागच्या काचेचा तुकडा संचातून काढून त्याची किंमत कमी करावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.