वाल्व्ह की चिप: पहिला गिटार अॅम्प

दारव्ह्याच्या भाच्यानं विचारलं, "मामा, पहिला अॅम्प कोणता बनवू?"

टीडीए२०३० ही अॅम्पची चिप स्वस्त पडते. जळली तर पाच पाय मोकळे करून नवी डागायची. लाइट गेली तरी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आवाज मात्र कमी निघतो. वाल्व्हचा (काचेच्या नळीच्या अॅम्पचा) आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे नळी अन् स्पीकरच्या मधला, बाहेरून मागवावा लागतो, तोच महाग.

पण ईएल८४ ही वाल्व्हची नळी जोरात वाजवली की सूर हळूहळू फाटतो, त्या गोडव्याला तोड नाही! धोकाही तिथंच. आत ३०० व्होल्टच्या आसपास असतात अन् प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. रेझिस्टरनं उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच हात घाल, बाबू.

शिकायचं, भजनी मंडळात वाजवायचं तर चिप. सोल्डरचे डाग पक्के बसायला लागले अन् तोच सूर हवा असेल, तर वाल्व्ह.