स्टेरॉइडवरची मांजर: साधी लायपेज की एफपीएल?

कोथरूडमध्ये आमच्या मनीला आतड्याच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे. परत उलट्या सुरू झाल्यावर प्रश्न पडला: स्वादुपिंडाला सूज आली आहे का, हे पाहायला कोणती रक्तचाचणी करायची?

साधी लायपेज-अमायलेज स्वस्त, पण मांजरात फारशी कामाची नाही. ही पचनाची विकरं पोट-आतड्यातूनही येतात, शिवाय मूत्रपिंड बिघडलं तरी वाढतात. एफपीएल (फीलाइन पॅन्क्रियाटिक लायपेज) ही चाचणी मात्र मांजराच्या स्वादुपिंडाचंच लायपेज मोजते. महाग आहे, तरी मी तीच निवडेन. अर्थात सौम्य, जुनाट सूज तिच्याही नजरेतून सुटते. आणि स्टेरॉइडने सूजच ओसरली असेल, तर आकडा खाली दिसू शकतो. म्हणून सोनोग्राफीही हवी. रक्तातली साखरही तपासा, स्टेरॉइडने ती वाढते. चाचणीसाठी गोळी मनाने एकदम बंद करू नका. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.