बर्फात तगणारी डे लिली आणि माझे ७,२०० रुपये

मुलीकडे टोरंटोला गेले होते, तेव्हा जुलैमध्ये तिच्या गल्लीत कडेकडेने केशरी डे लिली फुललेली पाहिली. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मलूल व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरी कळी उघडायची. मुलगी म्हणाली, "आई, हिवाळ्यात इथे नुसता बर्फ असतो. झाडाचं वर काही दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये पुन्हा कोंब." तेव्हाच ठरवलं, नागपूरला घरी ही लावायची.

डिसेंबरात मोबाईलवर एक जाहिरात दिसली. निळीशार डे लिली, १२ कंद २,४०० रुपये. खाली नाव 'स्टेला दी ओरो'. विक्रेत्याशी फोनवर बोलले. फार आदराने बोलला. टोरंटोचं मीच सांगितलं, तर लगेच म्हणाला, "मॅडम, उणे ३० अंशांत जे झाड मरत नाही, ते तुमच्या नागपूरच्या थंडीत काय मरणार? आत्ताच लावा." मला ते पटलं. पैसे पाठवले.

याच वाक्यात फसवणूक होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. डे लिली कडाक्याच्या थंडीत टिकते हे खरं आहे. पानं वाळून जातात, पण अन्न साठवलेली मुळं आणि कोंबाचा गड्डा जमिनीत झोपी जातात, वरचा बर्फ पांघरुणासारखं काम करतो. पण अशा झोपणाऱ्या वाणांना ती झोप लागतेच. आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा ९-१० अंशांवर आला तरी दुपारी ऊन तापतं, जमीन म्हणावी तशी थंड होतच नाही. वर मे महिन्यात ४५ अंश. असं झाड वर्षागणिक खंगत जातं. उष्ण हवेत पानं न गाळणारे सदाहरित वाण लावायचे असतात. तो हे सांगणार नव्हताच, आणि मीही विचारलं नाही.

पार्सल आलं. गोल गोल, वर तपकिरी पापुद्रा, लहान कांद्यासारखे. मी १२ कुंड्यांत शेणखत घालून लावले, सकाळ-संध्याकाळ पाहत राहिले. जूनच्या पहिल्या पावसानंतर चार दिवसांत गवतासारखी बारीक पानं आणि गुलाबी फुलं आली. शेजारचे काका कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले. कुंडीपाशी वाकून म्हणाले, "अवो ताई, ही तर रेन लिली आहे. आपल्याकडे अंगणाअंगणात असते. डे लिलीला कुठून आला कंद? एक कापून पाहा."

कापला. आत कांद्यासारखे पाकळ्यांचे थर. डे लिलीची मुळं जाडसर दोऱ्यांच्या जुडीसारखी असतात, मध्ये मध्ये फुगलेली, आणि वर पानं पंख्यासारखी दोन बाजूंना पसरतात, हे काकांनी कागदावर काढून दाखवलं. आणखी दोन गोष्टी त्यांच्याकडून कळल्या. डे लिलीचे ऐंशी हजारांहून जास्त वाण नोंदले गेले आहेत, पण खरा निळा त्यात एकही नाही. जांभळट छटा फार तर. आणि 'स्टेला दी ओरो' हे खरं नाव आहे, १९७५ सालचं, पण ते फूल सोनेरी पिवळं असतं. खरं नाव आणि खोटा फोटो, असा तो डाव होता.

रागाने फोन केला, तर माफी मागायला लागला. "मॅडम, पॅकिंगमध्ये चूक झाली, पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका." मी टाकला. ४,८०० रुपये माझ्याच खात्यातून गेले. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही, हे वर्तमानपत्रात मी स्वतः वाचलेलं होतं. पण समोरचा माणूस माफी मागत होता, परत करतो म्हणत होता, त्या ओघात हात चालला. त्या रात्री डोळा लागला नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन दुसऱ्या दिवशी केला. त्याच क्षणी केला असता तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता जास्त होती. तक्रार नोंदली आहे, पैसे अजून आले नाहीत. कोणासोबत असं झालं तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब फोन करा. फोनचे स्क्रीनशॉट, पार्सलचं वेष्टण आणि त्यावरची चिठ्ठी जपून ठेवा. माझ्याकडचं वेष्टण मी फेकून दिलं होतं, तक्रार लिहिताना तेच आधी विचारलं.

आणि डे लिली घ्यायचीच असेल, तर मुळं उघडी करून दाखवणाऱ्याकडूनच घ्या, आणि वाण झोपणारा की सदाहरित, ते आधी विचारा.

परवा तोच निळ्या फुलाचा फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसला. मजकूर जसाच्या तसा, भाव आता १,९९९ रुपये.