छातीचा पट्टा: बडोद्याच्या उकाड्यातून बर्लिन मॅरेथॉनपर्यंत

परदेशात मॅरेथॉन पळायला जायचं ठरलं की लोक आधी बुटांचं विचारतात, मग तिकिटांचं. माझ्या यादीत या दोन्हींच्या वर छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा आहे. मे २०२४ मध्ये घेतला. बडोद्याचा उन्हाळा, पावसाळा, ऑगस्टमधला पूर आणि २९ सप्टेंबरची पन्नासावी बर्लिन मॅरेथॉन, सगळं त्याच्यासोबत पार पडलं आणि अजूनही रोज वापरते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारचे पट्टे चालतात एकाच तत्त्वावर.

बर्लिन सप्टेंबरच्या शेवटाकडे असते. प्रवेशाच्या लॉटरीत नाव लागलं की आनंद होतोच, पण मागे चार महिने मोजले की सराव थेट मे महिन्यात सुरू होतो, म्हणजे आपल्याकडचे सगळ्यात कठीण महिने. पहाटे साडेचारला कमाटी बागेच्या फाटकाशी पोहोचलं तरी अंगाला वारा लागत नाही. अशा हवेत शरीर गार ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामातून पाणी जातं, आणि त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. गार देशातल्या वेळापत्रकात लिहिलेला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटं, बडोद्यात जूनमध्ये धरायला गेलं तर सोपी धाव सोपी राहतच नाही. माझी सोपी धाव मिनिटाला १४५ ठोक्यांच्या आत असते. मेमध्ये तेवढ्यात किलोमीटरला साडेसात मिनिटं लागत होती. ग्रुपमधले पुढे निघून जायचे, पण आकडा समोर असल्यामुळे मी शांतपणे माझ्या वेगाने पळू शकले.

हे काम मनगटावरचं घड्याळ का करत नाही, असं बरेच जण विचारतात. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. हात हलतो, घाम येतो, घड्याळाचा पट्टा किंचित सैल असतो, आणि कधी कधी ते हृदयाऐवजी पावलांची लय मोजायला लागतं. रमतगमत पळताना १७० दिसलं की समजायचं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो. वेग बदलला की आकडा लगेच बदलतो, इंटरव्हलच्या, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू पळायच्या दिवशी हा फरक फार जाणवतो. कमाल ठोक्यांसाठी मात्र ‘२२० वजा वय’ यावर विसंबू नका. ते सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. तब्येत ठीक असेल तर नीट वॉर्मअप करून जोरदार धावेत स्वतःचा आकडा काढा, आणि चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पट्ट्याची खरी किंमत ऑगस्टच्या शेवटी कळली. विश्वामित्रीला पूर आला, शहराचे मोठे भाग पाण्यात गेले, मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या. मॅरेथॉनला महिना उरलेला आणि सगळ्यात लांब धाव बाकी. पाणी उतरल्यावरही रस्ते चिखलाचे होते, म्हणून ती धाव ट्रेडमिलवर करावी लागली. ट्रेडमिलवरचा वेग यंत्रागणिक वेगळा आणि कोंदट खोलीत वारा नाही, त्यामुळे पेस निरुपयोगी. अडीच तास फक्त ठोके बघून काढले आणि सराव तुटला नाही.

आता त्रासाचं. पावसाळ्यात ब्राच्या पट्टीखाली तो काचतो आणि लाल चट्टे उठतात. आईने दिलेलं कोकमतेल लावते, पण फक्त कडेच्या त्वचेवर. इलेक्ट्रोडखाली, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या संकेत पकडणाऱ्या भागाखाली तेल गेलं की संपर्क तुटतो. प्रत्येक धावेनंतर पुढचं यंत्र काढून ठेवायचं आणि पट्टा साध्या साबणाच्या पाण्यात धुवायचा. यंत्र ओल्या पट्ट्याला तसंच लावून ठेवलं तर ते चालूच राहतं आणि सीआर २०३२ सेल लवकर संपतो. सात-आठ महिन्यांत इलॅस्टिक सैल पडलं, तेही एवढ्या पैशात पटलं नाही.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसाठी हाच लागतो) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा पावसाळ्याची वाट बघू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात मॅरेथॉन धरली आहे का, ते वाचून घ्या, कारण काही पॉलिसी स्पर्धा वगळतात. सुटे सेल, पट्टा, बूट आणि पळायचे कपडे केबिनच्या बॅगेत. बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा नंबर घ्यायला टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळावर स्वतःच जावं लागतं, त्यामुळे शनिवारची संध्याकाळ पायांसाठी मोकळी राहील असं बघा.

बर्लिनच्या थंड, कोरड्या सकाळी पट्ट्याने पहिल्यांदाच धरसोड केली. कोरड्या त्वचेवर संपर्क होत नाही आणि सिंथेटिक शर्टाच्या घर्षणाने आकडे उसळतात. बडोद्यात घाम आपोआप हे काम करतो, तिथे इलेक्ट्रोड जेल लावूनच उभं राहायला हवं. मी छोटी ट्यूब नेली होती, मॅरेथॉन सुरू होते त्या टियरगार्टन बागेत उभी असताना पुन्हा लावली आणि दोन किलोमीटरनंतर आकडा स्थिर झाला.

पहिले दहा किलोमीटर १५० च्या आत, हा बेत होता. त्याच ठोक्यांना पाय किलोमीटरला सव्वासहा मिनिटांनी पळत होते आणि दम लागत नव्हता. घड्याळाचे किलोमीटर पाट्यांच्या आधीच वाजायला लागले, कारण गर्दीत निळ्या रेषेवर (रस्त्यावर आखलेल्या सगळ्यात जवळच्या मार्गावर) राहता येत नाही आणि इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. ठोक्यांना त्याने काही फरक पडत नव्हता. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला विल्डर एबर या चौकातल्या प्रेक्षकांच्या गोंगाटात आकडा १६० च्या पुढे गेला, मी वेग सोडला. चाळीसच्या पाटीपर्यंत एकदाही चालावं लागलं नाही. ब्रांडेनबुर्ग गेटखालून गेल्यावरही शेवटची रेषा काही शे मीटर पुढे असते, तेवढ्यासाठी पाय राखून ठेवा.

घेताना एवढं बघा: इलॅस्टिकचा भाग सुटा मिळतो का, ब्लूटूथ आणि अँट प्लस (घड्याळाशी बिनतारी जोडणीची दुसरी पद्धत) दोन्ही आहे का, आणि मोजून छातीचा घेर किती ते. मी आता नुसता पट्टा बदलणार आहे, यंत्र तेच.