मेक्सिकन ग्रिल: टेबलावर बसून की काउंटरवरून?

अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत मेक्सिकन जेवणाच्या दोन जागा हमखास असतात. एक, बसल्या बसल्या चिप्स आणि साल्सा (चटणीसारखा सॉस) पुढे येतो ते गल्लीतलं ग्रिल. दुसरी चिपोटले या साखळीच्या धर्तीची, काचेमागच्या माणसाला एकेक जिन्नस सांगत पुढे सरकायचं. कुठे जायचं हे मुख्यतः टेबलावर कोण काय खातं यावर ठरतं.

शुद्ध शाकाहारी कोणी असेल तर काउंटर बरा. चिपोटलेचा भात आणि काळ्या व पिंटो अशा दोन्ही बीन्स प्राणिजन्य पदार्थांशिवाय बनतात. सोफ्रितास म्हणजे मसालेदार टोफू. शिवाय सगळं समोर दिसतं. मांसाचा हात लागू नये म्हणून हातमोजे आणि चमचा बदलायला सांगता येतं, पण ते पहिला जिन्नस वाढायच्या आधी. बसून खायच्या ग्रिलमध्ये मेनूवर 'व्हेजी' लिहिलेलं पुरेसं नसतं. घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, लाल भात अनेकदा चिकनच्या स्टॉकमध्ये शिजतो, एन्चिलाडाच्या (सारण भरून सॉस घातलेल्या टॉर्टिया, म्हणजे तिथल्या पोळ्या) सॉसमध्ये आणि मोले या मिरची-मसाल्याच्या दाट सॉसमध्येही तोच स्टॉक असू शकतो. रश्शातल्या चारो बीन्समध्ये तर बहुधा बेकन घालतातच. मैद्याच्या टॉर्टियातही चरबी असू शकते. चिले रेयेनो (भरलेली मिरची) चीजचा असला तरी वरचं आवरण अंड्याचं. तेव्हा "हे शाकाहारी आहे का?" असं मोघम विचारू नका, वेटर सरळ हो म्हणून मोकळा होतो. "बीन्समध्ये मांतेका (डुकराची चरबी) आहे का? भात कशात शिजवता?" असं विचारा. उत्तर स्वयंपाकघरातून आलं तरच धरा. तिथली सुरक्षित निवड म्हणजे अख्ख्या काळ्या बीन्स, मक्याच्या टॉर्टिया, ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी). पण त्या बीन्सचीही खात्री करून घ्या.

मांस खाणाऱ्यांनी मात्र ग्रिललाच जावं, आणि तेही फाहितासाठी, म्हणजे तापल्या तव्यावर येणाऱ्या मांसाच्या पट्ट्यांसाठी. टेक्सास-मेक्सिको सीमेवरचा हा पदार्थ मुळात गाईच्या स्कर्ट स्टेकचा (पोटाकडच्या मांसाचा). चिकन आणि कोळंबी नंतर आली. स्कर्ट स्टेकचे धागे लांब असतात, ते आडवे कापले नाहीत तर मांस चिवट लागतं. त्या एका गोष्टीवरून स्वयंपाकघराची पारख होते. कोळंबी मागवली असेल तर ती आधी संपवा, कारण तापलेल्या लोखंडी तव्यावर ती टेबलावर आल्यावरही शिजत राहते आणि पाच मिनिटांत रबरासारखी होते. टॉर्टिया झाकणाच्या डब्यात येतात. झाकण उघडं राहिलं तर त्या कडक होतात आणि दुमडताना फाटतात. एका प्लेटबरोबर बहुधा तीनच येतात. एक जादा मागवली, की एक फाहिता अनेकदा दोघांना पुरतो. फुकटच्या चिप्सवर पोट भरू नका, एवढंच.

काउंटरवर बुरिटोपेक्षा (टॉर्टियात गुंडाळलेलं सारण) बोल (तेच सारण वाडग्यात) घ्यावा. सारण सहसा जास्त मिळतं आणि पातळ साल्सामुळे टॉर्टिया फाटायचा प्रश्नच राहत नाही. बुरिटोच हवा असेल तर पातळ साल्सा वेगळ्या वाटीत मागा. दुपारी तीनच्या सुमारास जाणं टाळा: गर्दी ओसरलेली असते, वाफेच्या ट्रेमधलं चिकन कोरडं पडलेलं असतं. बारा-साडेबाराला रांग लांब, पण ट्रे सतत ताजे येत असतात.

तिखटाच्या बाबतीत आपली जीभ निश्चिंत असते, तरी हबानेरो या जहाल मिरचीचा साल्सा आधी जिभेच्या टोकाने चाखा. पिको दे गायो (चिरलेल्या टोमॅटो-कांद्याचा साल्सा) सौम्य. तोमातिल्लोचा (टोमॅटोसारखं हिरवं फळ) हिरवा साल्सा आंबट, तिखटाला मध्यम.

खर्चाचा हिशेब मेनूवरच्या किमतीवरून करू नका. ग्रिलमध्ये टॅक्स आणि वर १८ ते २० टक्के टिप येते, आणि सहा किंवा अधिक माणसं असतील तर अनेक ठिकाणी टिप बिलातच धरलेली असते. बिल वाचल्याशिवाय दुसऱ्यांदा देऊ नका. काउंटरवर स्क्रीन टिप मागते, पण ती ऐच्छिक. ग्रिलमध्ये दुपारचे लंच स्पेशल आठवड्याच्या दिवशी बरेच स्वस्त पडतात, त्यामुळे घाई नसेल तर तोच वेळ धरा.

घरी न्यायचं असेल तर मात्र काउंटरच. बुरिटो अॅल्युमिनियम फॉइलमध्ये बराच वेळ गरम राहतो. फाहिता बंद डब्यात स्वतःच्या वाफेत ओला होतो, टॅकोची कवचं तर घर येईपर्यंत लगदा होतात. ग्रिलमधूनच न्यायचं ठरलं तर एन्चिलाडा न्या, ते सॉसमध्येच असतात, त्यांचं काही बिघडत नाही.