मुलांसोबत सायकल: दिवाडी की कालव्याचा रस्ता?

गोव्यात पाण्याच्या कडेने, चढ नसलेल्या आणि ट्रक नसलेल्या वाटेवर मुलांना घेऊन सायकल चालवायची असेल, तर आमच्या मते दोनच पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. एक, दिवाडी बेटावर खाजन शेतांमधून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांमधून, जाणारे रस्ते. दुसरा, तिळारी किंवा साळावली धरणाच्या कालव्यालगतचा देखभालीचा रस्ता. कुंभारजुवे कालव्याचं नावही पुष्कळदा निघतं, पण तो मांडवी आणि झुआरीला जोडणारा भरती-ओहोटीचा प्रवाह आहे. त्याच्या काठाला सलग वाट नाही आणि पाण्यात मगरी आहेत. तो होडीतूनच बघावा.

निवड करताना देखावा नंतर बघा. मुलाचा तोल गेला तर ते कुठे पडेल, हा पहिला प्रश्न.

दिवाडीत ते बहुधा डांबरावर किंवा शेताच्या कडेच्या गवतात पडेल. कालव्यावर चित्र वेगळं आहे. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू उतरत्या काँक्रीटच्या असतात आणि पाण्याच्या रेषेला शेवाळ धरलेलं असतं. पाणी वरून संथ वाटतं, पण ओढ भरपूर असते. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही त्या उतारावर पाय रोवून वर येता येत नाही, कारण पकडायला काहीच नसतं. म्हणून आठ वर्षांखालचं मूल स्वतःची सायकल चालवणार असेल, तर आम्ही बेधडक दिवाडीच सुचवू.

दहा-बारा वर्षांची, ब्रेकवर हात बसलेली मुलं असतील तर कालवा मजा देतो. कालव्याचा उतार अगदी नगण्य ठेवलेला असल्याने रस्ताही सपाट, आणि वर्दळ नावाला. साळावलीचा कालवा सांगे, केपे आणि सासष्टीच्या शेतीला पाणी देतो, तिळारीचा डिचोली, पेडणे आणि बारदेशला. रस्ता कुठे कसा आहे ते ओळखायला शिका. जिथे टेकडी खोदून कालवा नेला आहे तिथे रस्त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असतो. मुलाला डोंगराच्या बाजूने ठेवून मोठ्या माणसाने पाण्याच्या बाजूने चालवावी. जिथे भराव घालून कालवा उचललेला आहे तिथे दोन्हीकडे उतार असतात. तिथे सायकलींवरून उतरून त्या हातात घेऊन चालायचं, वाद नको.

कालव्याच्या रस्त्याची दुसरी अडचण म्हणजे तो मध्येच तुटतो. ओढ्यावरून कालवा जलसेतूने जातो, पण रस्ता बऱ्याचदा जात नाही. मग गावातल्या रस्त्याने वळसा घालून पुन्हा वर यावं लागतं. आधी मोठ्यांपैकी एकाने स्कूटरवरून जाऊन दोन-तीन किलोमीटरचा सलग तुकडा हेरून ठेवावा आणि तेवढ्यातच जाऊन-येऊन करावं. जलस्रोत खात्याचा प्रवेशबंदीचा फलक किंवा साखळी दिसली तर परत फिरायचं. तिळारीचा कालवा याआधी फुटलेलाही आहे, तेव्हा दुरुस्तीची माती आणि यंत्रं आडवी येऊ शकतात. दोडामार्गच्या सीमेलगत रानटी हत्तींचा वावर असतो. त्या भागात जायचं तर आदल्या दिवशी गावात चौकशी करा.

खडीच्या तुकड्यांवर चाकाचा आकार महत्त्वाचा. बारा आणि सोळा इंची चाकं सुट्या चिऱ्याच्या खडीत रुततात आणि हँडल झटक्यात वळतं. वीस इंची आणि त्यावरची चाकं निभावतात. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे पकड राहते. मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर खडीवर ट्यूब चिमटून पंक्चर होते. खडीत पुढचा ब्रेक एकदम दाबला की पुढचं चाक घसरतं. मागचा ब्रेक आधी दाबायची सवय घरासमोरच करून घ्या.

दिवाडीत अवघड असते ती फेरीबोट. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे इथून बोटी सुटतात; मुलांना घेऊन जुने गोवे बरं, कारण व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की धक्का. पणजीहून रायबंदरच्या जुन्या पुलाच्या रस्त्याने मुलांना सायकलवर आणू नका, तो अरुंद आणि गाड्यांनी भरलेला असतो. सायकली गाडीतून धक्क्यापर्यंत आणा. गाड्या उतरून गेल्यावरच बोटीत शिरा, लोखंडी फळीवर सायकल ढकलत न्या. ओली असली की ती निसरडी होते. बोटीत उभ्या सायकलीचा ब्रेक दाबून त्यावर जाड रबरबँड चढवला की सायकल घरंगळत नाही.

बेटावर पहिला टप्पा सपाट खाजनातून जातो. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चकडे जाणारा चढ लहानांना झेपत नाही, तो चालत करा किंवा सोडूनच द्या. सहा ते आठ किलोमीटर एकूण फेरी लहानांना पुरते. थांबत-थांबत तासाला पाच-सहा किलोमीटर धरा. मानस, म्हणजे बांधातली पाणी अडवण्या-सोडण्याची दारं, मात्र जरूर दाखवा. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. ते बघत मुलं अर्धा तास सहज रमतात. मात्र मानशीपर्यंत सायकल बांधावर चढवू नका. खेकड्यांच्या बिळांनी बांध आतून पोकळ झालेला असतो, कड खचते.

दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सात वाजता सुरुवात, साडेनऊला परत. शेतांवर सावली नाही, आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर पाणी तासाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरा या झेंड्यांच्या उत्सवाची गर्दी असते, तो दिवस सायकलसाठी टाळा.

घरी आल्यावर दिवाडीची सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खाजनातला चिखल खारट, साखळीला दोन दिवसांत गंज चढतो. पुसून कोरडी करून प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब द्या. कालव्यावरून आलेल्या सायकलीला नुसता ब्रश मारला तरी चालतं.