धावणं की टेकडी चढणं?

वजन उतरवायचं तर हिशोबात धावणं सरस. शरीराच्या दर किलोमागे एका किलोमीटरला साधारण 1 कॅलरी जळते. म्हणजे 80 किलोचा माणूस 5 किलोमीटर धावला की 400च्या आसपास. पण प्रत्येक पावलाला पायावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, आणि नवख्याला तोच नडतो. गुडघा कुरकुरला की धावणंच बंद!

पुण्यात हनुमान टेकडी झपझप चढून बघा. एक पाय कायम जमिनीवर, आदळआपट नाही, तरी धाप चांगली लागते. उतरताना मात्र जपून, सुट्या मुरमावरून बूट सटकतात.

वजन बरंच जास्त असेल तर माझं मत ठाम आहे: आधी दोन-तीन महिने टेकडी, मग मिनिटभर धावणं, दोन मिनिटं चालणं.